भरलेल्या शहरात तलावकाठचे नियम कसे बसवायचे : मिनेसोटातील नव्या नगररचनाकारांसाठी

मिनेसोटा राज्याचे तलावकाठचे नियम, म्हणजे राज्याच्या नियमसंग्रहातला ६१२० क्रमांकाचा अध्याय, आजच्या रूपात १९८९ साली आले. मूळ कायदा त्याहून जुना आहे. तो १९६९ मध्ये काउंट्यांसाठी (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांसाठी) झाला आणि १९७३ मध्ये शहरांनाही लागू झाला. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोकळा काठ होता: झाडी, अंतरा-अंतरावर घरे, मोठे प्लॉट. प्रत्यक्षात मिनेटोंका तलावाच्या काठावरच्या एक्सेल्सियरसारख्या गावात वाफेच्या बोटी आणि ट्रामच्या काळात पाडलेले प्लॉट आहेत. तिथे घराला घर लागून आहे आणि गॅरेज गल्लीला टेकलेले आहे. अशा शहरात राज्याचा आकडा जसाच्या तसा उतरवला, तर एका रात्रीत निम्मे गाव नियमबाह्य ठरते. मग प्रत्येक पडवीसाठी सवलतीचा, म्हणजे नियमातून सूट मागणारा, अर्ज येतो, नियोजन समिती कंटाळून सगळ्यांना हो म्हणू लागते आणि नियम असूनही नसल्यासारखा होतो.

यावर वाट आहे. विशेष परिस्थिती असेल आणि राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या (डीएनआर) आयुक्तांची आधी मान्यता घेतली असेल, तर किमान निकषांशी तंतोतंत न जुळणारे नियमही शहराला करता येतात. अट एकच: कायद्याचा हेतू पुरा झाला पाहिजे. राज्यापेक्षा कडक नियम करायला अशी लवचीकता मागावी लागत नाही, सैल करायला लागते. हा लेख त्या मागणीची तयारी कशी करायची याविषयी आहे.

पहिली पायरी: रेषा आणि वर्ग नक्की करा

सगळी मापे तलावाच्या ‘सामान्य उच्च जलरेषे’पासून मोजतात. पाणी पुरेसा काळ टिकून जमिनीवर खूण सोडते ती ही पातळी. बहुधा पाणवनस्पती संपून जमिनीवरची झाडे सुरू होतात तिथे ती असते. महाराष्ट्रातल्या निळ्या-लाल पूररेषांची सवय असेल तर इथे घोळ होतो. त्या रेषा २५ आणि १०० वर्षांतल्या पुराच्या आहेत; या रेषेचा पुराच्या संभाव्यतेशी संबंध नाही. ‘आज पाणी जिथे आहे ती कड’ असाही तिचा अर्थ नाही. कोरड्या वर्षी मालक पाण्याच्या कडेपासून टेप लावतो आणि दहा-पंधरा फूट फुकट मिळवतो. म्हणून नकाशावर रेषेची उंची आकड्यात हवी. मिनेटोंका तलावासाठी ती ९२९.४ फूट आहे.

ही उंची १९२९ च्या संदर्भपातळीवर (उंची मोजायच्या ठरलेल्या शून्यावर) मोजलेली आहे. आजचे सर्वेक्षक बहुधा १९८८ ची पातळी वापरतात. समजा दोन्हींत ०.२ फुटाचा फरक आहे. वीस फुटांत एक फूट चढणाऱ्या सपाट काठावर तेवढ्याने रेषा चार फूट सरकते. घर सेटबॅकच्या (जलरेषेपासून राखायच्या किमान अंतराच्या) आत की बाहेर हे चार फुटांवर ठरणार असेल, तर वाद पुढे वकिलाकडे जातो. कोणती संदर्भपातळी वापरली हे लिहिल्याशिवाय सर्वेक्षण स्वीकारायचे नाही, असे अर्जाच्या नमुन्यावरच छापा.

नंतर वर्ग. राज्यात तलावांचे तीन वर्ग आहेत: नैसर्गिक, करमणुकीचे आणि सामान्य विकासाचे. भरलेल्या शहरातले मोठे तलाव बहुधा तिसऱ्या वर्गात असतात. मिनेटोंका त्याच वर्गात आहे. ड्रेनेजची सार्वजनिक जोडणी असलेल्या एकघरी प्लॉटचे मुख्य आकडे असे:

- सामान्य विकास: काठावरचा प्लॉट १५,००० चौरस फूट, मागचा (पाण्याला न लागणारा) १०,०००, रुंदी ७५ फूट, सेटबॅक ५० फूट.
- करमणूक: काठावर २०,०००, मागे १५,०००, रुंदी ७५, सेटबॅक ७५.
- नैसर्गिक: काठावर ४०,०००, मागे २०,०००, रुंदी १२५, सेटबॅक १५०.

शहरात एखादे छोटे दलदली तळे नैसर्गिक वर्गात असते आणि त्याकडे कोणाचे लक्ष नसते. त्याचा १५० फुटांचा सेटबॅक निम्मी वस्ती गिळतो. यादी आधीच तपासा. शहराच्या हद्दीत १० एकरांपेक्षा लहान पाणवठे नियमाखाली आणणे राज्याने सक्तीचे केलेले नाही.

हे नियम लागू होणाऱ्या पट्ट्याची हद्द तलावापासून १,००० फूट, नदी-ओढ्यापासून ३०० फूट किंवा पूरमैदानाची कड, यांत जे दूर असेल ते. भरलेल्या शहरात १,००० फूट म्हणजे तीन-चार गल्ल्या आत. मधे टेकाड असेल आणि पाणी पलीकडे वाहत असेल, तर आयुक्तांच्या संमतीने हद्द जलविभाजकापर्यंत आखूड करता येते. ही मागणी करण्याआधी पावसाळी गटारांचा नकाशा उघडा. टेकाडापलीकडचे पाणी पाइपातून उलटे तलावात येत असेल, तर जमिनीचा उतार दाखवून हद्द आखूड करणे कागदावर जमेल, पण ते चुकीचे आहे. डीएनआरचा हायड्रॉलॉजिस्ट (जलतज्ज्ञ) तो पाइप शोधून काढतोच.

मिनिआपोलिसमध्ये बहुतेक मोठ्या तलावांभोवती पार्क बोर्डाच्या जमिनीचे कडे आहे. त्यामुळे तिथली बरीच घरे पट्ट्यात येतात, पण काठावरची ठरत नाहीत. तुमच्या शहरात काठ खाजगी आहे की सार्वजनिक, यावर पुढचे अर्धे उत्तर अवलंबून आहे.

दुसरी पायरी: प्लॉटची मोजणी

हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळ्यात महत्त्वाचे. पट्ट्यातल्या प्रत्येक प्लॉटसाठी एक ओळ: क्षेत्र, जलरेषेवरची रुंदी, बांधकामरेषेवरची (सेटबॅक संपतो तिथली) रुंदी, घराचे अंतर, पक्का (पाणी न मुरू देणारा) पृष्ठभाग, उतार आणि पाणी कुठे जाते. राज्याचा नियम रुंदी दोन्ही ठिकाणी मोजतो. आतल्या बाजूला वळलेल्या खाडीवर प्लॉट पाचरीसारखे असतात. रस्त्याकडे ८० फूट आणि पाण्याकडे ४० फूट.

क्षेत्र काउंटीच्या करनोंदीतून घेतले तर फसाल. जुन्या खतांत प्लॉट पाण्याच्या आतपर्यंत लिहिलेले असतात. निकषासाठी फक्त जलरेषेच्या वरची जमीन धरायची.

पक्का पृष्ठभाग हवाई छायाचित्रावरून काढतात, पण झाडांच्या छत्राखालचा ड्राइव्हवे त्यात दिसत नाही. पाने गळल्यानंतरचे, बर्फ पडण्याआधीचे छायाचित्र घ्या आणि पंधरा-वीस प्लॉट प्रत्यक्ष जाऊन ताडून पाहा. खडीचा ड्राइव्हवे पक्काच धरा. गाड्या फिरून खडी इतकी दबते की पाणी वरूनच वाहते. फटी असलेल्या लाकडी डेकखाली उघडी माती असेल तर ते वगळायचे की नाही, हे व्याख्येतच लिहून टाका; नाहीतर दर अर्जाला नवा निकाल लागतो.

शेवटी प्रत्येक निकषासमोर एकच आकडा काढा: किती टक्के प्लॉट आज त्यात बसतात. डीएनआरकडे ‘आमचे शहर जुने आहे’ हे वाक्य चालत नाही, हा तक्ता चालतो.

तिसरी पायरी: तीन ढीग

राज्याचा प्रत्येक आकडा समोर घ्या आणि विचारा: हा आकडा आज पाण्यासाठी काही करतो का, की फक्त कोऱ्या नकाशासाठी होता?

पहिल्या ढिगात क्षेत्र आणि रुंदी येतात. प्लॉट पाडून झाले आहेत; १५,००० चा आकडा आता ७,५०० च्या प्लॉटला मोठा करणार नाही. पण इथेच सगळ्यात महागडी चूक होते. शहर किमान क्षेत्र सरळ ७,५०० वर आणते आणि दुसऱ्या दिवशी शिल्लक राहिलेला प्रत्येक १५,००० चा प्लॉट दोन तुकडे करायला मोकळा होतो. नियम सैल केला जुन्या घरांसाठी, फायदा झाला नव्या तुकड्यांना. म्हणून दोन वाक्ये वेगळी लिहा. नवा प्लॉट पाडायचा असेल तर राज्याचा आकडा तसाच. आजच्या तारखेला नोंदलेला प्लॉट मात्र शहराने ठरवलेल्या कमी आकड्यावरही वैध.

शेजारचे दोन प्लॉट एकाच मालकाचे असतील तर राज्याचे नगरनियोजन कलम ४६२.३५७ आधी वाचा. स्वतंत्र प्लॉट मानायला क्षेत्र आणि रुंदी ६१२० अध्यायाच्या आकड्याच्या किमान ६६ टक्के हवी. शहराने स्वतःचा आकडा कमी केल्याने हे माप बदलत नाही. सामान्य विकासाच्या तलावावर ते ९,९०० चौरस फूट आणि ४९.५ फूट होते. ५० बाय १५० चा प्लॉट रुंदीत काठावर पास होतो, पण क्षेत्रात नापास. दोन्हींवर आधीपासून राहते घर असेल आणि ड्रेनेजची सोय असेल, तर ते वेगवेगळे विकता येतात. रिकामे असतील तर जोडावे लागतात. काउंटरवर येणारा हा नेहमीचा प्रश्न आहे, उत्तर तोंडपाठ हवे.

दुसऱ्या ढिगात पक्का पृष्ठभाग, सेटबॅक आणि उंची. हे आकडे सैल करता येतात, पण बदल्यात काही घेऊन.

तिसऱ्या ढिगाला हात लावू नका. काठाचा संवेदनशील पट्टा म्हणजे जलरेषेपासून सेटबॅकच्या निम्म्या अंतरापर्यंतची जमीन. सामान्य विकासाच्या तलावावर २५ फूट. तिथली झाडी सरसकट तोडायला बंदी आहे. मेलेली, रोगट झाडे काढता येतात. अ‍ॅशच्या झाडांना लागलेल्या किडीमुळे ती वेळ वारंवार येते, म्हणून बदली झाड लावण्याची अट शहराने स्वतःहून घालावी. दरडही याच ढिगात. जलरेषेपासून किमान २५ फूट उंच जाणारा, सरासरी ३० टक्के किंवा जास्त उताराचा आणि पाण्याकडे उतरणारा भाग म्हणजे दरड. तिच्या माथ्यापासून घर ३० फूट मागे. पुराचा अभ्यास झालेला नसेल तिथे सर्वात खालचा मजला, नोंदलेली सर्वोच्च पातळी किंवा जलरेषा यांत जी वर असेल तिच्या ३ फूट वर. या तिन्हींत सवलत मागणारे शहर डीएनआरचा विश्वास गमावते आणि मग बाकीच्या मागण्याही अडकतात.

चौथी पायरी: पक्क्या पृष्ठभागाचे गणित

राज्याची मर्यादा प्लॉटच्या २५ टक्के. नेहमीचा प्लॉट घ्या: ५० बाय १५०, म्हणजे ७,५०० चौरस फूट. मर्यादा १,८७५. घर १,१००, गॅरेज ४४०, १२ बाय ४० चा ड्राइव्हवे ४८०, पायवाट आणि फरशी मिळून २००. बेरीज २,२२०, म्हणजे २९.६ टक्के. साधे घर, तरी मर्यादेबाहेर. उलट १५,००० च्या प्लॉटवर हेच घर १५ टक्क्यांच्या आत बसते. २५ चा आकडा चुकीचा नाही, तो मोठ्या प्लॉटसाठी बेतलेला आहे.

चालणारी रचना अशी: २५ टक्क्यांपर्यंत सरळ परवाना. २५ ते ३५ पर्यंत परवाना, पण पाणी प्लॉटवरच मुरवायचे. आज ३५ च्या वर असलेल्या प्लॉटवर नवे बांधकाम करायचे तर आजच्यापेक्षा टक्का खाली आणायचा. वरची मर्यादा ३५ की ३०, हे तुमच्या तक्त्यावरून ठरवा. साधे घर बसेल असा आकडा घ्या. गावातल्या सर्वात वाईट प्लॉटला वाचवणारा आकडा घेतलात, तर इतर सगळे तिथपर्यंत वाढतात.

मुरवायचे किती? बहुतेक ठिकाणी एक इंच पावसाचे पाणी धरतात. इथे दोन पर्याय आहेत आणि फरक मोठा आहे. फक्त २५ टक्क्यांच्या वरचा भाग धरला तर ३४५ चौरस फूट, पाणी २८.७५ घनफूट, साधारण ८०० लिटर. ६ इंच खोल पावसाळी बगीचा (पाणी साठवून मुरवणारा खोलगट वाफा) ५८ चौरस फुटांत होतो. सगळा पक्का भाग धरला तर १८५ घनफूट, म्हणजे पाच हजार लिटरांवर, आणि ६ इंच खोलीला ३७० चौरस फूट लागतात. दुसरा पर्याय कडक आहे, पण सैल केलेल्या टक्क्याचा खरा मोबदला तोच. राज्याचा बांधकामांसाठीचा पावसाळी पाण्याचा परवाना सहसा एक एकर माती उकरली तरच लागतो; भरलेल्या शहरातला एकट्या घराचा प्लॉट सहसा तिथे पोचत नाही. म्हणून शहराच्या नियमाने हे धरले नाही तर कोणीच धरत नाही.

बगीचा बिघडण्याची कारणे ठरलेली. माती: मध्यम चिकट मातीत ताशी ०.२ इंच पाणी मुरते असे धरतात. ६ इंच मुरायला ३० तास, ९ इंचांना ४५, १२ इंचांना ६०. ४८ तासांत रिकामा व्हायला हवा, म्हणजे १२ इंच खोल बगीचा त्या मातीत चालत नाही. घट्ट चिकणमातीत ६ इंचही अडतात. तिथे तळाला निचऱ्याचा पाइप टाकावा लागतो. भूजल: खड्ड्याच्या तळापासून हंगामी भूजलापर्यंत ३ फूट हवेत. तलावाच्या कडेला भूजल वरच असते, त्यामुळे काठालगत खणलेला बगीचा हा तळ्याचाच तुकडा होतो. तो घर आणि रस्त्याच्या बाजूला, उंच भागात घ्या. बांधकाम चालू असताना तिथे विटांची गाडी उभी राहिली की माती दबते आणि सगळे गणित वाया जाते. कुंपण घालून ती जागा राखा, हे परवान्यातच लिहा.

पाणी झिरपणाऱ्या फरशीला पूर्ण सूट देऊ नका. हिवाळ्यात टाकलेली वाळू आणि शरद ऋतूतली पाने यांनी तिच्या फटी बुजतात. नंतर कोणी व्हॅक्यूम मारत नाही.

पाचवी पायरी: सेटबॅक, शेजाऱ्याकडे बघून

दोन्ही बाजूंना घरे असतील तर नवे घर त्यांच्या रेषेत आणायला राज्याचा नियमच परवानगी देतो, सवलतीच्या अर्जाशिवाय. अट: संवेदनशील पट्ट्यात किंवा दरडीच्या पट्ट्यात (दरड आणि तिच्या माथ्यालगतची जमीन) शिरायचे नाही. एका बाजूचे घर ३० फुटांवर, दुसऱ्याचे ४४ वर, सरासरी ३७. एक १२ वर आणि दुसरे २६ वर असेल तर सरासरी १९ येते, पण २५ च्या आत जाता येत नाही.

व्याख्या सैल राहिली की घरे दर पिढीला पाण्याकडे सरकतात. मोजताना राहत्या घराची भिंत धरा. बोटहाउस, डेक, उघडी पायरी नाही. शेजारचा प्लॉट रिकामा असेल तर त्या बाजूला पूर्ण ५० फूट धरा. वळलेल्या काठावर दोन घरांमध्ये सरळ दोरी लावली की ती पाण्यावरून जाते, म्हणून अंतर प्रत्येक घराचे जलरेषेपासून वेगळे मोजा. सुनावणीत सगळ्यात जास्त वेळ शेजाऱ्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या तलावावर जातो. ऐकून घ्या, पण निर्णयाचे कारण म्हणून लिहू नका.

जुन्या घराला डेक जोडायचे तर राज्याचे मोजमाप तयार आहे: घराच्या आजच्या अंतराच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त पुढे नाही आणि जलरेषेपासून ३० फुटांच्या आत नाही. ४० फुटांवरच्या घराला ६ फूट, म्हणजे ३४ वर. घर जळाले आणि नुकसान किमतीच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल, तर मालकाकडे परवाना मागायला १८० दिवस असतात. ते घर सेटबॅकच्या निम्म्याच्याही आत असेल, तर शहर त्याला शक्य तितके मागे न्यायला सांगू शकते.

उंचीबद्दल थोडक्यात. २५ फुटांची मर्यादा फक्त निवासी भागात आहे. उतरत्या छपराची उंची शिखरापर्यंत नाही, सरासरीपर्यंत मोजतात. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांसाठी वेगळा आकडा ठेवायला हरकत नसते.

सहावी पायरी: डीएनआर, सुनावणी, ठराव

मसुदा पक्का होण्याआधी विभागीय हायड्रॉलॉजिस्टला भेटा. तिथे तीन गोष्टी न्या: तक्ता, बदललेल्या प्रत्येक आकड्यासमोर मूळ आकडा आणि बदल्यात काय घेतले ते. मोबदल्याचा रकाना रिकामा असलेली ओळ तिथेच अडकते. पाणलोट जिल्ह्याचे (पाणलोट सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचे) स्वतःचे नियमही बघा. मिनेटोंकाला मिनेहाहा क्रीक पाणलोट जिल्हा आहे आणि धक्क्यांचे काम मिनेटोंका तलाव संवर्धन जिल्हा पाहतो. जलरेषेच्या खालचे दगडी पिचिंग डीएनआरच्या अखत्यारीत, वरची माती हलवणे शहराच्या. संवेदनशील पट्ट्यात १० घनयार्डांपेक्षा जास्त आणि बाहेर ५० पेक्षा जास्त माती हलवायची तर परवाना.

सुनावणीची सूचना डीएनआरला किमान १० दिवस आधी जायला हवी आणि मंजूर नियमाची प्रत नंतर १० दिवसांच्या आत. हेच सवलतीच्या आणि सशर्त वापराच्या प्रत्येक प्रकरणालाही लागू. नेहमी विसरली जाणारी ती दुसरी प्रत. नियम मंजूर करण्याआधी डीएनआरची सशर्त संमती लेखी घ्या. आधी मंजूर करून नंतर पाठवलेला सैल नियम परत येतो आणि मधल्या काळात दिलेले परवाने लटकतात.

सवलतीच्या अर्जांना २०११ पासून ‘व्यावहारिक अडचण’ ही कसोटी आहे. त्याआधी, २०१० मध्ये, मिनेटोंका शहरातल्या एका गॅरेजच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कसोटी इतकी कडक वाचली की सवलत देणेच अवघड झाले. विधिमंडळाने कायदा बदलला. जुन्या फाइलींमधली ‘हालअपेष्टा’ची भाषा नव्या निकालात उतरवू नका. आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा: अर्ज पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत शहराने निर्णय दिला नाही आणि मुदत लेखी वाढवली नाही, तर अर्ज आपोआप मंजूर होतो.

परवाना दिल्यानंतर

पावसाळी बगीच्याच्या देखभालीचा करार काउंटीत प्लॉटच्या नोंदीवर चढवा, नाहीतर घर विकले की नवा मालक त्यावर गवत लावतो. काम संपल्यावर प्रत्यक्ष मोजणीचा नकाशा घ्या आणि तो हातात येईपर्यंत अनामत परत करू नका. पाहणी मे महिन्यात ठेवा. बर्फ वितळून गेलेले असते आणि हिवाळ्याची वाळू कुठे साचली ते दिसते. मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी गेलात तर आणखी बरे. तिसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर तळ उकरून घ्यायला सांगा.